काळ्या जमिनीच्या कार्डावर निचऱ्याची ओळ कुठे आहे?

प्रति,
इंदूर विभागात माती परीक्षण, कृषी विस्तार आणि पीकनुकसानीचे पंचनामे ज्यांच्याकडे आहेत ते सर्व अधिकारी

विषय: माळव्यातील भारी काळ्या जमिनीचे निचऱ्यानुसार वर्गीकरण आणि मृदा आरोग्य कार्डातील त्रुटी

महोदय,

माती तपासून सरकार शेतकऱ्याला जे मृदा आरोग्य कार्ड देते, त्यावर बारा गोष्टी छापलेल्या असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन, सामू (पीएच), विद्युत वाहकता आणि सेंद्रिय कर्ब. फेब्रुवारी २०१५ मध्ये ही योजना सुरू झाली तेव्हा आम्ही तिचे स्वागतच केले होते आणि आजही आमचा तिला विरोध नाही. पण या बारा ओळींत जमिनीचा पोत नाही, खोली नाही, पाणी मुरण्याचा वेग नाही आणि निचऱ्याचा वर्ग, म्हणजे जास्तीचे पाणी किती लवकर निघून जाते, तेही नाही. माळव्यात खरिपाचे पीक पाणी साचल्याने वारंवार हातचे जाते, आणि नेमके तेच कार्डावर नाही. नमुन्यांच्या पुढच्या फेरीतही तोच फॉर्म आणि तीच पद्धत राहील असे आम्हाला सांगण्यात आले, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहोत.

आमच्यापैकी काहींची शेती सांवेर, देपालपूर, हातोद आणि महूच्या बाजूला आहे. काहींनी नोकरीची सगळी वर्षे माती तपासण्यात घालवली. सोयाबीन, गहू आणि हरभरा यांवर आमची घरे चालतात. आमचे म्हणणे एकच आहे: या जमिनीला आधी पाणी कसे धरते आणि कसे सोडते यावरून ओळखा, खताचा हिशोब त्यानंतर करा.

माळव्याचे पठार दख्खनच्या बेसाल्ट खडकाचे. त्या खडकाच्या झिजेतून जी चिकण माती तयार झाली तिच्यात स्मेक्टाइट गटातील खनिजे भरपूर आहेत. या खनिजाच्या थरांमध्ये पाणी शिरते आणि माती फुगते, पाणी गेले की आकसते. भारी जमिनीत चिकणकणांचे प्रमाण सहज ४५ ते ६० टक्के भरते. वैशाखात भेगांमध्ये हात कोपरापर्यंत जातो, श्रावणात त्याच जागी पाय रुतून बसतो.

मृदाशास्त्राच्या वर्गीकरणात अशा जमिनीला व्हर्टिसोल म्हणतात आणि त्यासाठी कसोट्या ठरलेल्या आहेत. वरच्या १८ सेंटिमीटरमध्ये आणि त्याखाली ५० सेंटिमीटरपर्यंत किमान ३० टक्के चिकणकण हवेत. ठराविक काळाने उघडणाऱ्या आणि मिटणाऱ्या भेगा हव्यात. पहिल्या १०० सेंटिमीटरच्या आत किमान २५ सेंटिमीटर जाडीचा असा थर हवा, ज्यात स्लिकनसाइड किंवा पाचरीच्या आकाराची ढेकळे दिसतील. स्लिकनसाइड पाहायचे तर खड्ड्याच्या भिंतीतून चाकूच्या टोकाने एक ढेकूळ अलगद सोडवावे. फुगलेल्या मातीचा एक भाग दुसऱ्यावर घासला गेल्यामुळे त्याची तिरकी बाजू चकचकीत गुळगुळीत झालेली असते आणि तिच्यावर एकाच दिशेने बारीक समांतर रेघा असतात. ज्याने हे एकदा पाहिले तो पुन्हा कधी सगळ्या काळ्या मातीला एकच समजणार नाही.

आमची पहिली तक्रार याचीच आहे. सल्ला देताना सगळी काळी जमीन एकच धरली जाते. इंदूर जिल्ह्याच्याच मातीत सरोल आणि कमलियाखेडी अशा दोन मृदा-श्रेणी, म्हणजे मातीचे नाव दिलेले स्थानिक प्रकार, शास्त्रज्ञांनी फार पूर्वी वेगळ्या नोंदवल्या आहेत. सरोल ही खोल, व्हर्टिसोलमधल्या टिपिक हॅप्लुस्टर्ट गटातली. कमलियाखेडी त्या मानाने उथळ. तिच्यात फुगण्या-आकसण्याचा गुण आहे, पण ती इन्सेप्टिसोल या कमी विकसित जमिनींच्या वर्गात मोडते. उताराच्या वरच्या अंगाला अर्धा मीटर मातीखाली मुरूम लागतो, तिथे पावसाचे पाणी दोन दिवसांत खाली उतरते आणि वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, लवकर येतो. त्याच शिवारात खाली सखल भागात मीटर-दीड मीटर निव्वळ चिकण माती असते आणि वाफसा यायला आठवडा लागतो. दोन्हींच्या कार्डावर सोयाबीनला हेक्टरी २५:६०:४०:२० किलो नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, आणि पेरणीचा सल्लाही एकच. वरच्या शेतात पावसाची उघडीप पडली की पीक सुकते, खालच्या शेतात झड लागली की पीक पिवळे पडते. खत दोघांनीही सांगितले तेवढेच घातलेले असते.

दुसरी तक्रार नमुना घेण्याच्या पद्धतीबद्दल, आणि ती आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. नमुना पीक निघाल्यावर, जमीन कोरडी असताना घेतला जातो. व्ही आकाराचा खड्डा, १५ ते २० सेंटिमीटर खोल, चार कोपऱ्यांतली आणि मधली माती एकत्र, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवत शेवटी अर्धा किलो पिशवीत. स्फुरद-पालाश मोजायला हे पुरेसे आहे. पण ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर वर्षानुवर्षे ओलसर जमिनीत चालल्यामुळे जो घट्ट थर बसतो, तो नेमका या खोलीच्या खाली असतो. पिशवीत तो येतच नाही. शिवाय कोरडवाहू भागात दहा हेक्टरच्या चौकटीत एक नमुना आणि बागायतीत अडीच हेक्टरला एक. माळव्याच्या लहरी उतारावर दहा हेक्टरमध्ये माथा, उतार आणि सखल भाग असे तिन्ही सापडू शकतात. तिन्हींची माती एकत्र करून काढलेला आकडा तिघांपैकी कोणाचाच नसतो.

निचरा कळण्यासाठी खड्डा खणावाच लागतो. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, दीड मीटर खोल, आणि उजेड पडेल अशी एक भिंत साफ केलेली. आत काय पाहायचे तेही सांगतो. मुळे कोणत्या खोलीवर आडवी वळली आहेत, म्हणजे घट्ट थर कुठे आहे. मुळांच्या जुन्या वाटांभोवती गंजाच्या रंगाच्या रेषा आहेत का, आणि आजूबाजूची माती राखाडी किंवा निळसर झाली आहे का. पाणी साचून हवा संपली की जिवाणू मातीतले लोह विरघळणाऱ्या रूपात नेतात आणि रंग उतरतो. पुन्हा हवा आली की तेच लोह मुळांच्या वाटेवर गंज होऊन बसते. चुनखडीचे खडे किती खोलीवर सुरू होतात आणि मुरूम कुठे लागतो, हे टेप लावून लिहायचे.

इथे एक मोठी अडचण आहे. काळ्या मातीत रंगाची ही खूण सहज फसवते. लाल किंवा पिवळ्या मातीत राखाडीपणा लगेच डोळ्यांत भरतो, आपल्याकडे माती मुळातच गडद असल्याने तो झाकला जातो. म्हणून वर्गीकरणात पाणथळ व्हर्टिसोल, म्हणजे अ‍ॅक्वर्ट, ओळखण्यासाठी रंगासोबत रसायनाची कसोटीही दिलेली आहे. अल्फा-अल्फा डायपिरिडिलचे द्रावण ताज्या ओल्या ढेकळाच्या नुकत्याच फोडलेल्या बाजूवर टाकायचे. विरघळलेले लोह असेल तर ते गुलाबी-लाल होते. ढेकूळ हाताने फोडावे, कारण लोखंडी ऑगर (माती काढायचे गिरमिट) घासला की त्याचेच लोह रंग देते. उन्हातही ही चाचणी घेऊ नये, खोटा रंग येतो. आणि ती पावसाळ्यात, शेत भिजलेले असतानाच घ्यायची. एप्रिलमध्ये वाळवून, चाळून प्रयोगशाळेत पोचलेल्या मातीत या चाचणीला काही अर्थ उरत नाही.

दुसरा घोळ विहिरीच्या पाण्यावरून निष्कर्ष काढण्याचा. विहिरीची पातळी खोल आहे म्हणून शेत पाणथळ नाही असे उत्तर आम्हाला मिळाले आहे. काळी जमीन वरून भरते. भेगा मिटल्या की वरचा फूट-दीड फूट तुडुंब होतो आणि त्याखालची माती तुलनेने कोरडी असू शकते. अशा जमिनीत मुळे विहिरीतल्या पाण्यामुळे गुदमरत नाहीत, वरच्या थरात अडकलेल्या पाण्याने गुदमरतात.

याचा हिशोब सोपा आहे. पहिल्या पावसात उघड्या भेगांतून पाणी झपाट्याने आत जाते आणि त्यावरून जमीन चांगले पाणी पिते असा समज होतो. भेगा मिटल्यावर मुरण्याचा वेग तासाला एक मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी होतो. एक मिलिमीटर धरला तरी दिवसाला २४ मिलिमीटर. एका दिवसात ६० मिलिमीटर पाऊस झाला, आणि माळव्यात असा दिवस दर पावसाळ्यात येतो, तर ३६ मिलिमीटर पाणी वर राहते. एका हेक्टरवर एक मिलिमीटर म्हणजे दहा हजार लिटर, तेव्हा हे झाले तीन लाख साठ हजार लिटर. त्याला वाट मिळाली नाही तर ते पिकाच्या मुळांशी बसते. मातीतील हवेची जागा दहा टक्क्यांच्या खाली गेली की बहुतेक पिकांची मुळे श्वास घेऊ शकत नाहीत. सोयाबीनच्या गाठींना तर हवेतला नत्र बांधायलाच प्राणवायू लागतो. जमिनीतला नायट्रेट नत्र याच काळात वायू होऊन उडून जातो. अशा वेळी युरिया फेकायचा सल्ला म्हणजे पैसे पाण्यात.

पिवळेपणाही दोन प्रकारचा असतो. खालची जुनी पाने आधी पिवळी पडली तर नत्र कमी पडतो आहे. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत पाणी साचले की बायकार्बोनेट वाढते आणि जमिनीत लोह असूनही पिकाला मिळत नाही. कार्डावर लोहासमोर 'पुरेसे' लिहिलेले असते आणि शेतात पीक लोहावाचून पिवळे असते. दोन्ही खरे असते. मधली कडी निचऱ्याची आहे आणि तीच कार्डावर नाही.

तिसरी तक्रार सोडियमची. कार्डावरचा सामू आणि वाहकता यांवरून जमीन 'सामान्य' ठरते. पण चिकणकणांवर बसलेले सोडियम त्यातून कळत नाही. पाठ्यपुस्तकात चोपण, म्हणजे सोडियमने बिघडलेल्या, जमिनीची सीमा अशा बसलेल्या (विनिमयक्षम) सोडियमचे प्रमाण १५ टक्के अशी दिलेली असते. विदर्भातल्या पूर्णा खोऱ्याच्या काळ्या जमिनींच्या अभ्यासात मात्र हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास गेले तरी पाणी वाहून नेण्याची क्षमता कोसळल्याचे दिसले आहे. स्मेक्टाइटच्या मातीत असेच होणार, कारण कण सुटे होतात आणि बारीक छिद्रे बुजवतात. हे पाहायला महागडे यंत्रही लागत नाही. हवेत वाळलेला तीन ते पाच मिलिमीटरचा मातीचा खडा काचेच्या पेल्यात, डिस्टिल्ड वॉटरमध्ये, न हलवता ठेवायचा. खडा नुसता ढासळला आणि पाणी नितळ राहिले तर त्याची बांधणी कच्ची आहे, सेंद्रिय खताने सुधारेल. दोन तासांत त्याच्याभोवती दुधासारखे गढूळ वलय उठले तर कण सुटे होत आहेत, तिथे जिप्समचा विचार करावा लागेल. नळाचे किंवा बोअरचे पाणी वापरू नये, त्यातले क्षार ते वलय उठूच देत नाहीत. ही चाचणी ३० ते ६० सेंटिमीटर खोलीच्या मातीवरही घ्यायला हवी, कारण सोडियम बहुधा आधी खाली वाढते.

चौथी तक्रार रुंद वरंबा-सरीबद्दल. ही पद्धत चांगली आहे याबद्दल आमच्या मनात शंका नाही. हैदराबादजवळच्या पाटनचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कोरडवाहू पीक संशोधन संस्थेने ती खोल काळ्या जमिनींसाठीच बसवली: दीड मीटरच्या पट्ट्यात सुमारे एक मीटरचा वरंबा, अर्ध्या मीटरची सरी आणि सरीला ०.४ ते ०.८ टक्के उतार. आमच्याकडे यंत्राची जाहिरात होते, उताराची मोजणी होत नाही. उतार कमी पडला की सरीतच डबकी होतात, जास्त झाला की माती वाहते. आणि सरीचे पाणी शेताच्या कडेला आल्यावर पुढे जायचे कुठे? ओहोळ बुजले आहेत, रस्ते उंच झाले आहेत, त्यांखालच्या मोऱ्या लहान आहेत किंवा गाळाने भरल्या आहेत. बाहेर पडायची वाट नसलेली सरी पाणी जमा करण्याचेच काम करते.

मोल निचऱ्याबाबतही आधी वर्गीकरण लागते. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने काळ्या जमिनीत सोयाबीनसाठी यावर काम केले आहे. ४० ते ६० सेंटिमीटर खोलीवर गोळीसारखे अवजार ओढून मातीतच नळी तयार करायची, पाइप नाही. नळीच्या खोलीवर माती लोण्याइतकी मऊ आणि वर तडे जातील इतकी कोरडी, असा वाफसा सापडला तरच ती टिकते. सोडियमने कण सुटे होणाऱ्या जमिनीत ती पहिल्याच पावसात ढासळते. चिकणकण किती आणि सोडियम किती हे ठाऊक नसताना शेतकऱ्याने हा खर्च कोणत्या भरवशावर करायचा?

पाचवी तक्रार थोडक्यात. नुकसानीची पाहणी होते तेव्हा शेतात उभे पाणी शोधले जाते. ते तोवर आटलेले असते आणि मुळांच्या थरात मात्र माती अजून गच्च असते. एक फूट ऑगर घातला, माती हातात दाबली आणि बोटांतून पाणी पाझरले, तर पीक पाण्यात आहे. दोन मिनिटांचे काम आहे.

शहराच्या कडेला वसाहती होत आहेत, तिथेही हीच माती. मुरमापर्यंत न पोचलेले, निव्वळ चिकण मातीत खणलेले, पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्याचे खड्डे पावसाळाभर भरलेले राहतात. हा विषय आपल्या विभागाचा नाही, पण खोलीचा नकाशा आपण केला तर त्यांनाही तोच लागेल.

आमच्या मागण्या अशा आहेत:

१. कार्डावर पाच नव्या ओळी: हायड्रोमीटरने मोजलेली चिकणकणांची टक्केवारी, मुरूम किंवा चुनखडीच्या थरापर्यंतची खोली, शेताची उतारावरील जागा, निचऱ्याचा वर्ग आणि विनिमयक्षम सोडियम. पोत आणि खोली वर्षा-दोन वर्षांत बदलत नाही, तेव्हा हा भार प्रत्येक फेरीला पडणार नाही.

२. नमुने दोन खोलींवर घ्यावेत, ० ते १५ आणि ३० ते ६० सेंटिमीटर. चौकट हेक्टरवर न आखता माथा, उतार आणि सखल भाग यांनुसार आखावी.

३. प्रत्येक गावात या तीन जागी प्रत्येकी एक खड्डा, दीड मीटरचा. नोंद एकदा मे महिन्यात भेगा उघड्या असताना आणि पुन्हा ऑगस्टमध्ये ओल्या मातीत ऑगर घालून. नोंदी ग्रामपंचायतीत लावाव्यात. खणायला माणसे आणि जागा आम्ही देऊ.

४. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेने राज्याचा मृदा नकाशा १:२,५०,००० प्रमाणावर केलेला आहे. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर, शेतकऱ्याच्या कामाला तो पुरत नाही. इंदूर जिल्ह्यासाठी १:१०,००० प्रमाणाचा नकाशा करून घ्यावा आणि कार्डावर मृदा-श्रेणीचे नाव छापावे.

५. रुंद वरंबा-सरीच्या यंत्राला अनुदान द्याल तिथे आधी लेव्हल लावून उतार मोजून द्यावा आणि पाणी बाहेर जाण्याची वाट नकाशावर दाखवावी. ओहोळ आणि मोऱ्यांची सफाई मृगाच्या आधी व्हावी.

६. नुकसानीच्या पाहणीत ३० सेंटिमीटर खोलीवरची ओल नोंदवणे सक्तीचे करावे.

७. ग्रामीण कृषी विस्तार अधिकाऱ्यांना खड्डा वाचण्याचे आणि पेल्यातल्या खड्याच्या चाचणीचे प्रशिक्षण द्यावे. हे काम दोन दिवसांत होण्यासारखे आहे.

अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ मध्ये उभारलेली वनस्पती उद्योग संस्था याच इंदुरात होती. कंपोस्टची 'इंदूर पद्धत' तिथूनच जगभर गेली. मातीचा अभ्यास या गावाला नवा नाही आणि तो पुढे नेणारे कृषी महाविद्यालय व सोयाबीन संशोधन संस्था आजही इथेच आहेत. माहिती, माणसे आणि प्रयोगशाळा या तिन्ही गोष्टी जिल्ह्यात हाताशी आहेत. उणीव आहे ती आपल्या आदेशाची.

नमुन्यांची पुढची फेरी सुरू होण्याआधी वरील मागण्यांपैकी कोणत्या मान्य आहेत, कोणत्या नाहीत आणि का, याचे लेखी उत्तर आम्हाला मिळावे. ज्या मागण्या या वर्षी शक्य नसतील त्यांच्यासाठी निदान सांवेर आणि देपालपूर तहसिलींतील दोन-दोन सखल गावे निवडून सुरुवात करावी.

आपले,
इंदूर परिसरातील काही मराठी शेतकरी आणि माती परीक्षणाच्या कामातील मंडळी